सांघिक कामाच्या दोन पद्धति : स्क्रम आणि कानबान

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह शाळेंत आला होता. हा तरुण पुण्याजवळ हिंजवडी येथें सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनींत नोकरीस आहे. विचारपूस चालली असतां वडील किंचित् हंसून आम्हांस म्हणाले, "सर, याच्या नोकरीचें आम्हांला कांहीं उमगत नाहीं. रोज सकाळीं ही सगळी मंडळी पंधरा मिनिटें उभी राहून बोलते म्हणे. दर दोन आठवड्यांनीं यांची एक शर्यत संपते आणि लगेच दुसरी लागते. भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या. हें काम म्हणावें कीं खेळ?" मुलानें समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, परंतु त्याच्या सांगण्यांत इंग्रजी शब्दांचा भरणा इतका होता कीं, वडिलांच्या पदरांत एवढेंच पडलें कीं मुलगा फार थकतो.

हा लेख त्या वडिलांच्या प्रश्नासाठीं आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचीं थोरलीं भावंडें आज अशा कचेऱ्यांतून आहेत, आणि आठवी-नववींत बसणाऱ्यांपैकींहि कांहीं जण पुढें तेथेंच जातील. 'स्क्रम' आणि 'कानबान' हे शब्द घरोघर ऐकूं येतात ते त्यांच्याच तोंडून. हीं कांहीं यंत्रांचीं नांवें नव्हेत. पुष्कळ माणसांनीं मिळून करावयाचें काम कसें चालवावें याच्या त्या दोन रीती आहेत, आणि त्यांचा उपयोग कचेरीबाहेरहि होतो. आम्हांस त्यांची ओळख करून घेणें भाग पडलें तें याच वार्षिकाच्या संबंधांत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें. ती पुढें सांगतों.

'स्क्रम' हा शब्द रग्बी नांवाच्या चेंडूच्या खेळांतला. थांबलेला खेळ पुन्हां सुरू करावयाचा असला म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ आठ गडी खांद्यास खांदा भिडवून, माना खालीं घालून एकमेकांस रेटतात व मध्यें टाकलेला चेंडू आपल्या बाजूस ओढूं पाहतात. त्या रेटारेटीस स्क्रम म्हणतात. मैदानांतला हा शब्द कचेरींत आणणारे कोण, तर दोन जपानी प्राध्यापक. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांनीं इ. स. १९८६ च्या जानेवारींत 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकांत एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स इत्यादि कंपन्यांनीं नव्या वस्तु थोडक्या काळांत कशा सिद्ध केल्या हें तपासून त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, जुनी रीत रिले शर्यतीसारखी आहे. एका खात्यानें आपला टप्पा धावावा, काठी दुसऱ्याच्या हातीं द्यावी आणि आपण बाजूस व्हावें. नवी रीत रग्बीसारखी; तींत सर्व संघ एकदम मैदानांत असतो व चेंडू आपसांत देत-घेत पुढें सरकतो. हें बीज घेऊन जेफ सदरलंड यांनीं १९९३ मध्यें अमेरिकेंतील ईझल या कंपनींत प्रयोग केला, आणि केन श्वाबर यांच्यासह १९९५ मध्यें टेक्सस प्रांतांतील ऑस्टिन येथें भरलेल्या परिषदेंत ही पद्धत मांडली. तिचे नियम त्या दोघांनींच एका छोट्या पुस्तिकेंत लिहून ठेविले आहेत. तिची २०२० ची आवृत्ति मोजून चौदा पानांची आहे.

या पद्धतींत कामाचे तुकडे काळानें पाडतात. एक महिना किंवा त्याहून कमी, बहुधा दोन आठवडे, अशी मुदत ठरते. तिला 'स्प्रिंट' म्हणजे जोराची धाव असें नांव आहे. वडिलांच्या बोलण्यांतली 'शर्यत' ती हीच. मात्र येथें कोणी कोणास मागें टाकावयाचें नसतें. करावयाच्या सर्व कामांची एक यादी असते. तींत वर काय व खालीं काय हें ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असतो, समितीस नसतो. ही अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते, आणि ज्यांनीं कोणत्याहि समितींत बसून काम केलें आहे त्यांस तिचें कारण सांगण्याची गरज नाहीं. मुदतीच्या प्रारंभीं संघ यादीच्या माथ्यावरील कामांतून आपणांस झेपतील तेवढीं उचलतो. किती उचलावयाचीं हें काम करणारांनींच ठरवावयाचें. एकदां उद्दिष्ट ठरलें कीं त्यास बाध येईल असा बदल मुदत संपेपर्यंत कोणी करावयाचा नाहीं. रोज ठरल्या वेळीं पंधरा मिनिटांची भेट होते. पुष्कळ ठिकाणीं ती उभ्यानें घेतात, म्हणजे लांबत नाहीं. मुदतीच्या अखेरीस जें पूर्ण झालें असेल तें ज्यांच्यासाठीं केलें त्यांस दाखवावयाचें. अर्धवट काम जमेस धरीत नाहींत. मग तें पंधरा आणे झालेलें कां असेना. शेवटीं संघ आपल्याशींच बसून आपली रीत कोठें चुकली याचा विचार करतो, आणि लगेच पुढची मुदत सुरू होते. संघांत दहा किंवा त्याहून कमी माणसें असावींत असा संकेत आहे. 'स्क्रम मास्टर' म्हणून एक जण असतो. त्यास कोणी मुकादम समजूं नये. नियम पाळले जावेत व संघाच्या वाटेंतल्या अडचणी दूर व्हाव्यात हें पाहणें एवढेंच त्याचें काम.

आतां कानबान. हा जपानी शब्द. त्याचा अर्थ दुकानावरची पाटी. त्याचें जन्मस्थान टोयोटा मोटारींचा कारखाना. मोटारींच्या आधीं हें टोयोडा घराणें कापडाच्या मागांसाठीं प्रसिद्ध होतें. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या मागाचा गुण असा कीं, धागा तुटतांच तो आपण होऊन थांबे. सदोष कापड पुढें विणलें जात नसे. त्याचे हक्क १९२९ मध्यें इंग्लंडांतील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनें घेतले. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रें पुरविणारी ती हीच कंपनी. तेव्हां गिरणींत आयुष्य घालविलेल्या एखाद्या आजोबांस हें नांव अजून आठवत असेल. या टोयोडांच्या कापड कारखान्यांत १९३२ मध्यें ताइची ओनो नांवाचे गृहस्थ नोकरीस लागले, व १९४३ मध्यें ते मोटारीच्या कंपनींत आले.

युद्धानंतरच्या जपानांत भांडवल थोडें आणि गिऱ्हाईकहि थोडें. अमेरिकेंतल्याप्रमाणें सुट्या भागांचे ढीग आगाऊ तयार करून ठेवावे तर पैसा त्या ढिगांतच अडकून पडे, आणि तरीहि ऐन वेळीं हवा तो भाग हाताशीं नसे. ओनो यांनीं अमेरिकेंतील सुपरमार्केट नांवाच्या मोठ्या दुकानांविषयीं ऐकलें होतें. तेथें गिऱ्हाईक फळीवरून आपणांस हवें तेवढेंच उचलतो, आणि फळी जेवढी रिकामी होते तेवढाच माल दुकानदार पुन्हां भरतो. त्यांनीं विचार केला, कारखान्यांतहि असेंच कां असूं नये? मागच्या खात्यानें माल तयार करून पुढच्याच्या अंगावर ढकलण्याऐवजीं, पुढच्या खात्यानें गिऱ्हाईक होऊन मागच्याकडे जावें व लागेल तेवढेंच आणावें. १९५३ मध्यें त्यांनीं आपल्या यंत्रशाळेंत हा प्रयोग चालू केला. १९५६ मध्यें ते अमेरिकेस गेले, तेव्हां मोटारींचे प्रचंड कारखाने तर त्यांनीं पाहिलेच, पण त्यांचें मन वेधलें तें त्या दुकानांनीं. सर्व कंपनींत ही पद्धत रुजावयास १९६२ साल उजाडलें.

तिचें साधन म्हणजे एक कार्ड. कोणता भाग, किती नग, कोठून आणावयाचा, कोठें न्यावयाचा, एवढा मजकूर त्यावर असतो. मालाच्या पेटीबरोबर कार्ड. पेटी वापरास काढली कीं कार्ड मागें जातें, आणि तें परत आल्यावरच मागच्या खात्यानें तेवढे नग पुन्हां करावयाचे. कार्ड नाहीं तर काम नाहीं, हा मुख्य नियम. कामगार रिकामा दिसला तरी चालेल, पण कोणी न मागितलेला माल करावयाचा नाहीं. दुसरा नियम असा कीं, सदोष नग पुढें पाठवावयाचा नाहीं. आणि ओनो यांची खरी करामत पुढेंच आहे. सर्व सुरळीत चालूं लागलें कीं ते कार्डांची संख्या हळूहळू कमी करीत. उन्हाळ्यांत नदीचें पाणी उतरलें म्हणजे तळाचे खडक जसे उघडे पडतात, तसा मालाचा सांठा घटला कीं कोणतें यंत्र वारंवार बिघडतें, कोणतें खातें नेहमीं उशीर करतें, हें आपोआप दिसूं लागे. सांठा भरपूर असतांना हे दोष कोणाच्या ध्यानींहि येत नसत. आमच्या ख्रिस्ती वाचकांस येथें अरण्यांतील मान्न्याची गोष्ट आठवेल. ज्यांनीं त्या दिवसापुरता वेंचला त्यांचें भागलें. ज्यांनीं उद्यांसाठीं लपवून ठेविला त्यांच्या मान्न्यांत किडे पडले.

मोटारींच्या भागांची ही युक्ति संगणकाच्या कचेरींत कशी शिरली? डेव्हिड अँडरसन नांवाच्या गृहस्थांनीं इ. स. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनींतील दुरुस्तीच्या कामाच्या एका संघासाठीं तिचा उपयोग केला. तो संघ आपल्या हैदराबाद शहरांत काम करीत होता, हें आमच्या वाचकांस कौतुकाचें वाटेल. नव्या मागणीस किती वेळ लागेल याचा अंदाज करण्यांतच त्या मंडळींचा पुष्कळ वेळ जात असे. तो अंदाज करणें बंद केलें, आणि हातचें एक काम संपल्याशिवाय नवें घ्यावयाचें नाहीं असा निर्बंध घातला. तेवढ्यानें तुंबलेलीं कामें वाहूं लागलीं. अँडरसन यांचें या विषयावरील पुस्तक २०१० मध्यें निघालें.

कचेरींतल्या कानबानांत एक फरक मात्र आहे, व तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. कारखान्यांत कार्ड म्हणजे काम करण्याची परवानगी. कचेरींत चिठ्ठी म्हणजे कामच. फळ्यावर 'करावयाचें', 'चालू', 'तपासणींत', 'झालें' असे उभे रकाने आंखतात, व चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकवितात. परवानगीचें काम येथें रकान्याच्या माथ्यावर लिहिलेला आंकडा करतो. 'चालू' या रकान्यावर ३ लिहिले असतील, तर त्यांत चौथी चिठ्ठी लावावयाची नाहीं. आंकडा नसलेला फळा म्हणजे नुसती शोभा. तो कितीहि रंगीत असला तरी त्यास कानबान म्हणतां येणार नाहीं.

येथपर्यंत आल्यावर आमची चूक सांगावयास हरकत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं वार्षिकासाठीं तीसांवर लेख-कविता आल्या. आम्ही चौघे शिक्षक संपादनास बसलों, आणि उत्साहाच्या भरांत सर्वच लेख एकदम हातीं घेतले. हा थोडा वाच, तो थोडा दुरुस्त कर, तिसरा लेखकाकडे परत पाठव, असें सहा आठवडे चाललें. चौघांपैकीं कोणीहि एक दिवस रिकामा बसला नाहीं. तरी छापखान्यांत मजकूर द्यावयाच्या दिवशीं हातांत पुरे झालेले लेख निघाले अकरा. बाकीच्यांतले कांहीं पानें भरण्यासाठीं घाईनें उरकले, कांहीं राहिले. जे राहिले त्यांत दहावीच्या एका मुलाचा आपल्या आजोबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरील लेख होता. तो तिघांच्या हातांतून गेला होता, प्रत्येकाच्या तांबड्या शाईच्या खुणा त्यावर होत्या, आणि शेवटचें पान पुन्हां लिहून घ्यावयाचें तेवढें राहिलें होतें. अंक निघाला त्या दिवशीं त्या मुलाचे वडील शाळेंत आले व म्हणाले, "दोन प्रती जास्त मिळतील का सर? गांवीं पाठवावयाच्या आहेत." आम्हांस जें सांगावें लागलें तें आम्हीं सांगितलें. त्यांनीं एक शब्दहि वावगा काढला नाहीं. एक अंक घेऊन ते गेले. मुलगा त्याच मार्चांत परीक्षा देऊन शाळेबाहेर पडला होता.

आळस कोणीं केला नव्हता. मग झालें काय? विद्यार्थ्यांनीं येथें पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, तीन लेख आहेत व प्रत्येकास तीन दिवसांचें काम आहे. पाळीपाळीनें एकेक दिवस प्रत्येकास दिला, तर पहिला लेख सातव्या दिवशीं पुरा होतो, दुसरा आठव्या व तिसरा नवव्या. आतां एक संपवून मग दुसरा घ्या. पहिला तिसऱ्या दिवशीं, दुसरा सहाव्या, तिसरा नवव्या दिवशीं. म्हणजे तिसऱ्याचें कांहीं गेलें नाहीं, आणि पहिला चार दिवस व दुसरा दोन दिवस आधीं सुटला. काम तेवढेंच, माणूस तोच. शिवाय पहिल्या रीतींत रोज नव्या लेखाकडे वळतांना "मी कोठें होतों बरें?" म्हणून मागचीं पानें पुन्हां वाचावीं लागतात, तो वेळ या हिशेबांत धरलाच नाहीं.

याच गोष्टीचें व्यापक गणित जॉन लिटल या अमेरिकन विद्वानानें १९६१ मध्यें सिद्ध केलें. त्यास लिटलचा नियम म्हणतात. कामें ज्या वेगानें येतात त्याच वेगानें पुरीं होत असतील, तर हातांत असलेल्या कामांची सरासरी संख्या भागिलें दर आठवड्यास पुरीं होणारीं कामें, बरोबर प्रत्येक कामास लागणारे सरासरी आठवडे. आठवड्यास तीन लेख पुरे होतात आणि हातांत बारा आहेत, तर प्रत्येक लेख चार आठवडे रखडणार. हातांत सहाच ठेवा. वेग तोच राहिला तर दोन आठवडे. यांत चलाखी नाहीं, साधा भागाकार आहे. तरी बारावा लेख घेऊन दारांत उभ्या राहिलेल्या मुलास "आज नको, अमक्या दिवशीं ये" असें सांगणें फार जड जातें, हें अनुभवानें सांगतों. घेतला म्हणजे त्याला बरें वाटतें आणि आपल्यालाहि. घेतलेला लेख पेटींत पडून राहिला हें त्यास पुढें कळतें.

तेव्हां दोन पद्धतींतला भेद येथें आहे. दोघींनाहि अर्धवट कामाचें वावडें. स्क्रम कुंपण घालतो तें काळाला: इतके दिवस, तेवढ्यांत बसेल तेवढेंच. कानबान कुंपण घालतो तें हातांतल्या कामाला: एका वेळीं इतकेंच, मग दिवस कितीहि लागोत. स्क्रमांत मधेंच नवें काम शिरूं देत नाहींत. कानबानांत जागा रिकामी झाली कीं केव्हांहि शिरतें. स्क्रम स्वीकारावयाचा तर नव्या जबाबदाऱ्या व नव्या बैठका पहिल्या दिवसापासून ठरवाव्या लागतात. कानबानाचे पुरस्कर्ते म्हणतात, आज जें जसें चाललें आहे तें तसेंच फळ्यावर मांडा, मग सुधारा. दोहोंचें मिश्रण करणारेहि पुष्कळ आहेत, व त्यास 'स्क्रमबान' असें धेडगुजरी नांव पडलें आहे.

कोणती चांगली असें विद्यार्थी विचारतील. स्नेहसंमेलनाचें नाटक घ्या. तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, पण नाटक कसें उभें राहील हें आरंभीं कोणासच नीट दिसत नसतें. तेथें यंदा आम्हीं स्क्रमाची चाल धरली. दर दोन आठवड्यांनीं एक प्रवेश, पाठांतर, हालचाली व सामानासह पुरा करून पांचवीच्या मुलांपुढें करून दाखवावयाचा. पांचवीचीं मुलें निष्ठुर असतात. दुसऱ्या प्रवेशांत तीं जांभया देऊं लागलीं, आणि संमेलनास अजून सात आठवडे असतांनाच तो प्रवेश अर्धा कापावा लागला. पूर्वींच्या रीतीनें हें ज्ञान रंगीत तालमीच्या रात्रीं झालें असतें.

उलट शाळेच्या कचेरीचें काम पाहा. शाळा सोडल्याचा दाखला मागावयास पालक आले, तर त्यांस "आमची मुदत परवां संपेल, मग पाहूं" असें सांगतां येईल काय? ग्रंथालयांतील पुस्तकें फाटतात तीं वेळापत्रक पाहून फाटत नाहींत. अशा, आपण होऊन दारीं येणाऱ्या कामांस कानबानच बरा. शाळेच्या व्यवहारांत अशींच कामें अधिक असतात, म्हणून आमचा स्वतःचा कल तिकडे आहे.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याशीं पुढें सवडीनें बोलणें झालें, तेव्हां त्याच्या थकव्याचें कारण निराळेंच निघालें. त्याच्या संघांत नांव स्क्रमाचें होतें, पण किती काम उचलावयाचें हें वरचे अधिकारी ठरवीत. रोजच्या पंधरा मिनिटांत सहकाऱ्यांनीं एकमेकांस आपली अडचण सांगावयाची. तेथें प्रत्येक जण साहेबांकडे तोंड करून काल आपण किती राबलों याची हजेरी देई. दोन आठवड्यांची धाव अशी वर्षाला सव्वीस वेळां. हा दोष पद्धतीचा म्हणावा कीं माणसांचा? आमच्या मतें दोन्ही पद्धतींतला निर्बंध काम करणारांइतकाच, किंबहुना अधिक, काम देणारांसाठीं आहे, आणि नेमका तोच भाग काम देणारे वगळतात. शिक्षकहि त्यांत आले. एकाच आठवड्यांत सहा विषयांचे सहा प्रकल्प मुलांवर टाकतांना आपसांत विचारपूस करण्याचें आम्हांपैकीं कोणास सुचलें होतें? वडिलांचा तो प्रश्न ऐकल्यानंतर शिक्षकखोलींत इयत्तावार एक कागद लावला आहे. एका इयत्तेस एका वेळीं दोनच प्रकल्प. तिसरा द्यावयाचा तर आधींच्यांपैकीं एक मुलांकडून पुरा होऊन तपासून परत गेला पाहिजे. पहिल्या महिन्यांत या कागदावरून शिक्षकांत जेवढी बोलाचाली झाली तेवढी परीक्षेच्या वेळापत्रकावरूनहि होत नाहीं.

वार्षिकासाठींहि आतां फळा आहे. 'वाचनांत' या रकान्यावर ४ हा आंकडा खडूनें लिहिला आहे. पहिल्या आठवड्यांत फार अवघड गेलें. एका शिक्षिकाबाईंचा तास मोकळा होता, पेटींत लेख पडलेले होते, पण रकाना भरलेला. त्यांस नवा लेख घेतां येईना, म्हणून त्या दुसऱ्याच्या हातांत अडलेल्या लेखाला मदत करावयास बसल्या, आणि तो त्याच दिवशीं सुटला. या अंकाचा मजकूर ठरल्या तारखेच्या चार दिवस आधीं छापखान्यांत गेला.

फळ्यावरची पहिली चिठ्ठी घड्याळांच्या दुकानावरील लेखाची होती. मुलगा आतां ज्युनिअर कॉलेजांत आहे. निरोप गेल्यावर तो एका शनिवारीं आला, आणि शिक्षकखोलींतच बसून त्यानें शेवटचें पान पुन्हां लिहिलें. माजी विद्यार्थ्यांच्या विभागांत तो लेख वाचकांस मिळेल. दोन जास्त प्रती बाजूस काढून ठेवावयाची चिठ्ठी मात्र अजून 'करावयाचें' याच रकान्यांत आहे. छापखान्यांतून अंक येईपर्यंत ती तेथेंच राहील.